दोन अजिंक्य, नंबर तीन

"एकोणीस नंबर आल्यावर फटाके कोण वाजवतं गं?"

आप्पांनी, माझ्या वडिलांनी, बांबू चिरता चिरता विचारलं. आवाज पेठेकडून येत होता आणि माळ चांगली लांबलचक होती. मलाही काही कळेना. आदल्याच दिवशी मारुतीच्या देवळात विसर्जन मिरवणुकीच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या. निंबगावात दोन डझन मंडळं. चिठ्ठ्या ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं मंडळांनी चावडी चौकातून नदीकडे जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आमच्या बुरूड आळीच्या अजिंक्य तरुण मंडळाची चिठ्ठी तिसरी निघाली होती आणि पेठेतल्या अजिंक्य तरुण मंडळाची एकोणिसावी. चिठ्ठी निघाल्यावर पेठेतल्या पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मग रातोरात फटाके वाजवण्यासारखं काय झालं?

एकाच नावाची दोन मंडळं कशी, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पूर्वी गावात अजिंक्य नावाचा एकच कबड्डीचा संघ होता. त्यात निम्मी पोरं पेठेतली होती, निम्मी आमच्या आळीतली. कुठल्याशा फायनलनंतर भांडण झालं, संघ फुटला आणि नाव मात्र कुणीच सोडलं नाही. दोघांनीही त्याच नावानं गणपती बसवला. "तुम्ही बदला", "आम्ही का बदलायचं" करता करता माझं अख्खं लहानपण गेलं.

तिसरा नंबर म्हणजे काय हे आळीबाहेरच्याला पटकन कळायचं नाही. आमची चिठ्ठी दरवर्षी विसाच्या पुढे निघायची. त्याला नशीब म्हणा, नाहीतर चिठ्ठ्यांच्या घड्या घालणारे हात म्हणा. आमची पाळी येईपर्यंत वाद्यं बंद करायची वेळ झालेली असायची, पोलीस शिट्ट्या मारत असायचे, चौकातली माणसं घरी जेवायला गेलेली असायची आणि आमचा गणपती मुकाट्यानं नदीवर जायचा. सगळ्या गावाच्या मखरांना कामट्या आमच्या आळीच्या, पण आमचं स्वतःचं मखर गावानं कधी उजेडात पाहिलेलं नव्हतं. त्या वर्षी शेजारच्या शेवंतावहिनीनं आळीतल्या पोरींचं लेझीम पथक बसवलं होतं. लग्नाआधी ती शाळेच्या पथकात पुढे असायची. ती म्हणायची, चिठ्ठ्यांच्या घड्या सगळ्यांसमोर घालायला लावा, यंदा आपण भरल्या चौकात खेळणार. आम्ही तसा आग्रह धरला, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर झाल्या आणि तिचं म्हणणं खरं झालं. दिवसाच्या उजेडात, ढोलाच्या आवाजात, सगळ्या गावासमोर आम्हाला एकदा जायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

मी चप्पल घातली आणि उत्सव समितीच्या कार्यालयात गेले.

कार्यालय म्हणजे ग्रामपंचायतीशेजारची खोली. तिच्या खिडकीत समितीचा कॉम्प्युटर ठेवला होता आणि त्यावर माझा प्रोग्रॅम चालू होता. तेव्हा मी तालुक्याच्या कॉलेजात बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. मिरवणुकीच्या क्रमावरून दरवर्षी डोकी फुटायची, म्हणून समितीचे अध्यक्ष नाना शेटे यांनी त्या वर्षी ठरावच केला होता, की कॉम्प्युटर दाखवेल तोच क्रम अंतिम, त्यावर कुणी तोंड उघडायचं नाही. नानांचं पेठेत भांड्यांचं दुकान होतं. पेठेच्या अजिंक्यचे आधारस्तंभही तेच, फ्लेक्सवर तसं छापलेलंच असायचं. पण प्रोग्रॅम लिहिता येणारी गावात मी एकटीच होते, त्यामुळे मला बोलावणं आलं. फुकटात काम होणार असलं की कुणाला आळी आठवत नाही.

प्रोग्रॅम साधाच होता. चिठ्ठी निघेल तसं मंडळाचं नाव आणि आळी मी यादीत टाकली होती. मंडळाचं नाव टाइप केलं की स्क्रीनवर मोठ्या आकड्यात त्याचा नंबर यायचा. यादीतली जागा शोधायला इंडेक्स नावाची तयार सोय असते, तीच मी वापरली होती. तिला नाव द्यायचं, ती वरून एकेक नाव बघत येते आणि जुळलं की जागा सांगते. ती शून्यापासून मोजते म्हणून उत्तरात एक मिळवला होता. यादीत नसलेलं नाव कुणी टाकलं तर प्रोग्रॅम कोलमडतो, म्हणून "असे मंडळ नाही" असा संदेशही ठेवला होता. माझ्या मते सगळा बंदोबस्त झाला होता.

खिडकीसमोर पेठेतली पोरं गुलाल लावून उभी होती. स्क्रीनवर पिवळ्या रंगात भला मोठा तीन होता.

"काय गं लले," नाना आतून म्हणाले, "चांगलं काम केलंस. अजिंक्य तरुण मंडळ, नंबर तीन."

मी स्क्रीनकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं. इंडेक्स वरून बघत येते आणि पहिलं जुळलं की थांबते. पुढे तेच नाव पुन्हा आहे का, याच्याशी तिला देणंघेणं नाही. आमचं अजिंक्य यादीत तिसरं, तिथंच तिचा शोध संपत होता. पेठेचं अजिंक्य एकोणिसावं, तिथपर्यंत ती पोहोचतच नव्हती. आणि मी तिला फक्त नाव विचारायला शिकवलं होतं. आळी यादीत होती, पण शोधताना ती कुणी विचारत नव्हतं.

"नाना, प्रोग्रॅम चुकतोय," मी म्हणाले. "हा तीन आमचा आहे. पेठ एकोणीसच आहे. दोन ओळी बदलायला लागतील, पाच मिनिटांत करते."

"कुठं चुकतोय? मला तर दिसतंय की. अजिंक्य, तीन."

"ते आमचं अजिंक्य."

"असं त्यात कुठं लिहिलंय?"

"यादीत लिहिलंय. मीच लिहिलंय. प्रोग्रॅम फक्त नाव बघतो आणि पहिलं सापडलं की थांबतो. चूक माझी आहे, मला सुधारू द्या."

नानांनी शांतपणे पान जुळवलं, तोंडात टाकलं. "पोरी, चूक बीक काही नाही. कॉम्प्युटर चुकत नसतो. माणूस चुकतो, म्हणून तर आपण कॉम्प्युटर आणला. ठराव काय झालाय? कॉम्प्युटर दाखवेल तो अंतिम. कॉम्प्युटर तीन दाखवतोय."

"अहो पण तो मी लिहिलाय. मीच सांगतेय की तो चुकतोय."

"आता तो समितीचा आहे. तू त्याला हात लावायचा नाही. एका अक्षराला नाही. लावलास तर मी फौजदारांना सांगेन, की बुरूड आळीच्या पोरीनं आपल्या मंडळासाठी कॉम्प्युटरात घोळ केला." मग आवाज मऊ करून म्हणाले, "एकोणीस नंबर मोकळा आहे. तुम्ही तिथं या. तुम्हाला पाठीमागं यायची सवय आहेच."

पोरं हसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. स्वतःच्याच हातानं लिहिलेली चूक मी कबूल करत होते आणि माझ्याच प्रोग्रॅमची बाजू घेऊन ते मला खोटं पाडत होते. इतकी वर्षं हे काम करतेय, प्रोग्रॅमवर एवढा विश्वास ठेवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं. आप्पा आळीच्या मंडळाचे अध्यक्ष होते, मुख्यतः दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं म्हणून. ते कामटीवरची धार बोटानं चाचपत बसले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "एकोणीस तर एकोणीस. विसाच्या आत तरी आलो."

"जाऊ दे कशाला?" शेवंतावहिनी दारातच उभी होती. "पोरींनी महिनाभर दंड सुजवून घेतलेत ते अंधारात खेळायला? आप्पा, तुम्ही एकदा तरी जाऊन बोला की नानांशी."

"बोलून काय हुनार हाय? ठराव झालाय."

"ठरावावर तुमचा अंगठा हाय का?"

"माझी सही हाय," आप्पा कसनुसं म्हणाले.

दोघं वाद घालत राहिले. ठराव, ठराव. कॉम्प्युटर दाखवेल तो क्रम अंतिम. हे वाक्य डोक्यात फिरत होतं आणि फिरता फिरता ते एकदम मला आवडायला लागलं.

"आप्पा," मी म्हणाले, "आपण एकोणीसला जायचं नाही. आपण तीनला उभं राहायचं."

"आन पेठ?"

"पेठेनंही उभं राहावं."

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. वहिनीला मात्र विचारावं लागलं नाही. तिनं पदर खोचला आणि पोरींना हाका मारत निघून गेली.

"लले, भांडणं हुतील," आप्पा म्हणाले.

"होऊ देत. आपण ठराव पाळतोय. आपल्यावर कोण काय म्हणेल?"

अनंत चतुर्दशीला दुपारी, ऊन डोक्यावर असतानाच आमचा गणपती चौकात आला. चाकाची गाडी आम्ही माणसांनीच ओढत आणली होती. त्यावर आप्पांनी स्वतःच्या हातानं विणलेलं मखर होतं, बांबूच्या सालीची कमळं, मागे मोराचा पिसारा, आणि कुठेही खिळा नाही. रस्त्यावर चुन्यानं आकडे घातलेले होते. आम्ही तीन आकड्यावर गाडी लावली, चाकाला दगड लावले आणि पोरींनी लेझीम खांद्याला अडकवून रांग धरली. पेठेतली मंडळी निवांत होती. आपला नंबर कोण घेणार म्हणून त्यांचा ट्रॅक्टर जेवणंखाणं उरकून, भोंगे लावून सावकाश आला, तेव्हा पहिली दोन मंडळं नदीच्या वाटेला लागलेली होती.

ट्रॅक्टर आमच्या गाडीच्या मागे येऊन थांबला आणि बोंबाबोंब सुरू झाली. मी समितीच्या स्टेजवर आणलेल्या कॉम्प्युटरपाशी बसले होते. प्रोग्रॅम चालवायला मीच लागायचे, दुसऱ्या कुणाला तो सुरूही करता येत नव्हता. शेजारी नाना माईक घेऊन, पलीकडे फौजदार. कॉम्प्युटरची वायर मोठ्या पडद्याला जोडलेली होती, त्यामुळे मी जे टाइप करीन ते सगळ्या चौकाला दिसत होतं.

नानांनी माईक बाजूला केला. "सुरवसे, तुमची गाडी काढा. तुम्ही एकोणीस."

आप्पा खाली गाडीपाशी उभे होते. त्यांनी गाडी काढली नाही.

"काय भानगड आहे?" फौजदारांनी विचारलं.

"काही नाही साहेब. जागा चुकलेत."

"कोण चुकलंय ते कॉम्प्युटरला विचारू," मी म्हणाले. "ठराव तसाच आहे." आणि मी टाइप केलं: अजिंक्य तरुण मंडळ. पडद्यावर तीन आला.

पेठेची पोरं ओरडली, "आमचा, आमचा."

"आता बुरूड आळीसाठी विचारते," मी म्हणाले आणि तेच नाव पुन्हा टाइप केलं. तीन आला. चौकात हशा पिकला. मी फौजदारांकडे वळले. "साहेब, दोघंही तीन आहेत. कॉम्प्युटर दाखवेल तो क्रम अंतिम, असं समितीनं लिहून दिलंय. तुमच्याकडंही प्रत आहे."

"मग एकोणीसला कोण?"

"एकोणीस कुणालाच येत नाही, साहेब. वाटेल त्या मंडळाचं नाव टाका."

फौजदारांनी नानांकडे पाहिलं. नानांच्या कपाळावर घाम आला होता. ते माझ्या कानाशी वाकले. "लले, ती तुझी दुरुस्ती काय आहे ती करून टाक बरं. पटकन."

हे वाक्य ऐकायला मी चार दिवस थांबले होते. मी की-बोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले.

"एका अक्षराला हात लावायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंत."

"मी सांगतोय ना आता."

"माईकवर सांगा. कॉम्प्युटर चुकतोय, असं सांगा. मग मी दुरुस्त करते. पण दुरुस्त केल्यावर तो नावाबरोबर आळी विचारेल, नाना. मग बुरूड आळीला तीन येईल आणि पेठेला एकोणीस. करू का?"

मी हे मुद्दाम मोठ्यानं बोलले होते, त्यामुळे स्टेजजवळच्यांनी ऐकलं होतं आणि त्यांनी मागच्यांना सांगायला सुरुवात केली होती. दुरुस्त करावं तर तीन आमचा. न करावं तर आम्हीही तीन. मला वाटतं, नानांनी तिसरी वाट शोधून पाहिली, कारण त्यांचे ओठ हलत होते. पण ती नव्हतीच.

"राहू दे," ते म्हणाले. "हात लावू नकोस."

"बरं," मी म्हणाले.

फौजदारांनी घड्याळ पाहिलं आणि उठून खाली आकड्यांकडे बघितलं. "पुढं कोण उभं आहे? गाडी ना? मग गाडी आधी जाईल. ट्रॅक्टर मागं घ्या."

"मागं म्हणजे कुठं?" कुंभार आळीचं मंडळ चौथ्या आकड्यावरून गरजलं. "आमच्या पुढं कुणीही घुसायचं न्हाई. आमचा नंबर कॉम्प्युटरनं दाखवलाय." पाचवं मंडळही तेच म्हणालं, सहावंही. ट्रॅक्टर भोंग्यांसकट मागे मागे जात राहिला. तो शेवटी कुठे थांबला ते मी पाहिलं नाही. तसा एक आकडा रिकामा होताच.

आमच्याकडे अशी पद्धत होती, की मंडळ चौकात आलं की त्याच्या अध्यक्षानं स्टेजवर यायचं, समितीच्या अध्यक्षानं नाव पुकारून त्याला नारळ द्यायचा आणि नारळ मिळाला की खेळ सुरू करायचा. आप्पा पायऱ्या चढून वर आले. धोतराला गुलाल लागला होता, हातावर कामट्यांचे ओरखडे होते. ते नेहमीसारखे वाकून उभे राहतील, नारळ घेतील आणि उतरतील, असं मला वाटलं. मला तेवढ्यानंच रडू येणार होतं.

नाना माईकवर म्हणाले, "तिसऱ्या क्रमांकावर, अजिंक्य तरुण मंडळ." आणि नारळ पुढे केला.

आप्पांनी हात पुढे केला नाही.

"कुठलं?" त्यांनी विचारलं.

"कुठलं म्हणजे? तुमचंच की. घ्या नारळ."

"आळीचं नाव घ्या."

नानांनी माईकवर हात ठेवला. "सुरवसे, उगाच ताणू नका. मागं सगळे खोळंबलेत."

"खोळंबू द्या," आप्पा म्हणाले. "आमी लई वर्सं खोळंबलोय."

आप्पांचा आवाज चढलेला नव्हता. ते टोपलीचा भाव सांगावा तसे सांगत होते, आणि मी त्यांना नानांशी असं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. खाली वहिनीनं पोरींना हातानं थांबवून धरलं होतं. एकही लेझीम वाजत नव्हती.

"बुरूड आळीचं," नाना पुटपुटले. "झालं?"

"माईकवर."

फौजदार दुसरीकडे बघत होते, पण ते मिशीत हसत होते. नानांनी माईकवरचा हात काढला, घसा खाकरला आणि सगळ्या भोंग्यांमधून, चौकातल्या माडीमाडीवर उभ्या असलेल्या बायकामुलांना ऐकू जाईल असं पुकारलं, "अजिंक्य तरुण मंडळ, बुरूड आळी."

आप्पांनी नारळ घेतला. ते खाली उतरले नाहीत. नानांच्या शेजारी पाहुण्यांसाठी एक खुर्ची रिकामी होती. आप्पांनी ती जरा पुढे ओढली, नारळ मांडीवर ठेवून तिच्यावर ऐसपैस बसले आणि खालच्या रांगेकडे बघून म्हणाले, "हं, खेळा आता."